पहिल्या सत्राचे वेळापत्रक

बारावीचा निकाल लागून गुणपत्रिका हाती पडली, म्हणजे आमच्यासारख्या घरांतून एका नव्याच पंचांगाचे वाचन सुरू होते. कॉलेजांनी छापलेली माहितीपत्रके, मोबाइलच्या पडद्यावर उतरविलेले विद्यापीठाचे तक्ते, शेजारच्या मुलाने सांगितलेल्या ऐकीव गोष्टी, हे सारे दिवाणखान्यात मांडले जाते आणि काका एक मुहूर्त काढतात तर मामा दुसरा. कोणता विषय चालतो, कोणता चालत नाही, कोणत्यात गुण सढळ पडतात, कोणता घेतला असता लग्नाच्या बाजारात बरा दिसतो, येथपर्यंत चर्चा जाते. ज्याने तो विषय तीन-चार वर्षे शिकावयाचा, तो मुलगा अथवा मुलगी बहुधा कोपऱ्यात बसून नखे कुरतडीत असते. तिला कोणी विचारीत नाही असे नव्हे; विचारतात, पण उत्तर आधी ठरवून विचारतात.

आम्ही 1974 साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो. त्या काळी पुढे कॉलेजात जाणारास तीन दारे असत: कला, विज्ञान व वाणिज्य. एकदा दाराच्या आत पाऊल पडले, की पहिल्या वर्षी निवड करण्याजोगे फारसे उरत नसे. आम्ही तर त्या दारांतून गेलोच नाही. घरच्या परिस्थितीमुळे पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले आणि पुढे शाळामास्तरकी पत्करली. तेव्हा कॉलेजविषयी लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच, की चौतीस वर्षे आम्ही शाळेची वेळापत्रके आखली. तासांचे गणित हे शाळेत काय नि कॉलेजात काय, एकाच जातीचे असते. शिवाय हल्ली नेरुळला आमच्या एकत्र कुटुंबात तीन पिढ्यांची नऊ माणसे नांदतात, आणि घरातील मुलांचे विद्यापीठाचे कागद वाचून त्यांचा अन्वय लावण्याचे काम आपोआपच आमच्याकडे आलेले आहे. पाणिनीची सूत्रे लावलेल्या माणसास सरकारी परिपत्रकाचे भय वाटू नये.

हे परिपत्रक मात्र सूत्रांहून अवघड निघाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्र शासनाने 2023 च्या एप्रिल महिन्यात पदवीच्या अभ्यासक्रमाची नवी बांधणी ठरविली. स्वायत्त महाविद्यालयांत ती त्याच वर्षी सुरू झाली आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून. तिच्यात पदवी वर्षांनी मोजावयाची नाही, तर श्रेयांकांनी, म्हणजे आपली मुले ज्यांस क्रेडिट म्हणतात त्यांनी, मोजावयाची. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे काम. दर सत्रास असे बावीस श्रेयांक मिळवावयाचे. तीन वर्षांत पदवी, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. एक वर्ष करून थांबावे लागले, तरी आणखी चार श्रेयांकांचे कौशल्याचे काम पुरे केल्यास प्रमाणपत्र मिळते आणि साठविलेले श्रेयांक एका सरकारी पेढीत जमा राहतात. ही पेढी 2021 साली उघडली. तिच्यात खाते काढताना मुलाचे नाव आधारपत्रावर जसे आहे तसेच अक्षरशः लिहावे, एवढे आम्ही जाता जाता सुचवितो. एका वेलांटीच्या फरकापायी हेलपाटे घालणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.

आता या बावीस श्रेयांकांची पहिल्या सत्रातील वाटणी पाहा. सहा मुख्य विषयाचे. चार खुल्या वैकल्पिक विषयांचे, आणि हे विषय आपल्या शाखेबाहेरचे असावे लागतात. दोन व्यवसायकौशल्याचे, दोन कौशल्यवर्धनाचे, दोन भाषेचे, दोन मूल्यशिक्षणाचे, दोन भारतीय ज्ञानप्रणालीचे आणि दोन खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, योग, कला अशा सहअभ्यासाचे. ही नावे ऐकून घरातील वडील मंडळी गांगरतात. पण कागद शांतपणे वाचला म्हणजे ध्यानात येते, की ‘निवड, निवड’ म्हणून जिचा एवढा गाजावाजा होतो, ती खरी निवड फार थोड्या जागी आहे. मुख्य विषय कोणता, हा मोठा प्रश्न. त्याखालोखाल खुले विषय आणि भाषा. बाकीचे कॉलेज जे शिकवील ते घ्यावयाचे. तक्त्यात वीस खुले विषय छापलेले असले, तरी शिकविणारा अध्यापक असेल आणि पुरेसे विद्यार्थी मिळतील तेवढेच वर्ग चालतात. यास्तव माहितीपत्रकावर भाळून न जाता, गेल्या वर्षी प्रत्यक्षात कोणते वर्ग भरले, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींस विचारावे. कार्यालयातील कारकुनापेक्षा ती मुले अधिक खरे सांगतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. उपविषय, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीने पदवीवर येणारा दुसरा विषय, हा पहिल्या सत्रात नाही. तो दुसऱ्या सत्रापासून सुरू होतो. त्यामुळे पहिल्या सत्रातले खुले विषय ही एक प्रकारे चव घेऊन पाहण्याची जागा आहे. पंगतीत बसल्याबरोबर पान भरून घेणाऱ्या पाहुण्यापेक्षा, आधी थोडेथोडे वाढून घेणारा शहाणा. परंतु आमची मंडळी खुला विषय निवडतात तो गुणांवर डोळा ठेवून. हेही नवे नाही. आमच्या लहानपणी संस्कृत अवघड म्हणून कित्येक मुले अर्धमागधी घेत. महावीरांच्या उपदेशाची गोडी लागून नव्हे, तर गुण चांगले पडतात म्हणून. त्यांतील काहींस मात्र ती भाषा खरोखरच आवडली, आणि तेव्हापासून आम्ही अशा निवडीस सरसकट नावे ठेवण्याचे सोडून दिले.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा 1859 साली झाली. 132 विद्यार्थी बसले आणि 22 उत्तीर्ण झाले. त्यांत रानडे होते, भांडारकर होते. त्यांस कोणी वैकल्पिक विषयांचा तक्ता दाखविला नाही. समोर आले ते सारे त्यांनी वाचले. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावे, ही कल्पना फोफावली ती अमेरिकेत. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी 1869 पासून चाळीस वर्षे तिचा पाठपुरावा केला. आज नेरुळ-वाशीच्या मुलांपुढे जो तक्ता येतो, त्याचे मूळ शोधू गेल्यास ते तेथवर पोहोचते.

त्या पद्धतीचा लाभ आपल्याकडील दोन माणसांनी कसा करून घेतला, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. भीमराव आंबेडकर यांस मुंबईत शाळेत असताना संस्कृत शिकावयाचे होते. जातीमुळे त्यांस ते शिकू दिले गेले नाही आणि फारशी घ्यावी लागली. ज्या भाषेवर आम्ही पोट भरले, तिचे दार एका तशा बुद्धिमान मुलापुढे लावले गेले, ही गोष्ट संस्कृत शिकलेल्या आम्हां ब्राह्मणांस मान खाली घालावयास लावणारी आहे, आणि ती आमच्या घरातील मुलांस आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेथे कोणतेच दार बंद नव्हते. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, एवढे अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत घेतले, आणि वर फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक पाठ! या आकड्यांत भूक दिसते. पण नीट पाहिले तर शिस्तही दिसते. एकोणतीस एका विषयाचे आहेत. बाकीचे त्या विषयाच्या भोवती उभे आहेत.

दुसरे दामोदर कोसंबी, गोव्याचे. हार्वर्डात त्यांस एका थोर गणितज्ञाने सुचविले होते, की बाकीचे सोडून गणितावरच लक्ष द्यावे. कोसंबींनी ऐकले नाही. भाषा, इतिहास असे नाना विषय ते घेत राहिले आणि 1929 साली उत्तम रीतीने पदवीधर झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले, जुन्या नाण्यांच्या वजनांस संख्याशास्त्र लावले, आणि भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. गणिताच्या अध्यापकाने भर्तृहरीचे पाठभेद लावावे, हे आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास थोडे लाजविणारेच आहे. आता प्रत्येक घरात कोसंबी जन्मत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु शाखेबाहेरचा विषय म्हणजे वेळेचा अपव्यय, असे जे ठामपणे बोलतात, त्यांनी ही उदाहरणे दृष्टीआड करू नयेत.

असो. आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो, त्याकडे वळतो.

आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. वैद्यकीय प्रवेशाची जी ‘नीट’ नावाची परीक्षा असते, ती तिने दिली होती. पण सरकारी कॉलेजात जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत, आणि खाजगी कॉलेजाचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. ही परीक्षा कितीही वेळा देता येते. 2022 पासून वयाची वरची मर्यादाही राहिलेली नाही. हे वाचताना सोयीचे वाटते, पण घरात हीच सोय भांडणाचे मूळ होते. ज्याला शेवट नाही असा प्रयत्न सोडावा तरी कधी? थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे पडले, की मुलीने वर्ष फुकट न घालविता वाशीच्या एका कॉलेजात बी.एस्‌सी.ला नाव घालावे, आणि सायंकाळी शिकवणी वर्गास जाऊन पुन्हा त्या परीक्षेची तयारी करावी. “अण्णा, दोन्ही दगडांवर पाय ठेवला म्हणजे एक निसटला तरी दुसरा आहे,” असे ते म्हणाले. धाकट्या चिरंजीवांनी यास अनुमोदन दिले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. कन्या तर नाहीच नाही. वर्गाची फी भरण्याचा दिवस चार दिवसांवर आला होता आणि ती रक्कम लहान नव्हती. चिरंजीवांनी त्यासाठी मुदतीची एक ठेव मोडावयाचे ठरविले होते.

आम्ही त्या बैठकीत मत दिले नाही. मताला मत भिडले म्हणजे घरात आवाज चढतो, निर्णय होत नाही, हा आमचा अनुभव. आम्ही फक्त मोठा कागद मागवला, जसा शाळेत वेळापत्रकासाठी घेत असू, आणि नातीला म्हटले, “बाळ, ये. आपण आठवडा मांडू या.”

आठवड्याचे तास 168. हे कोणा मंत्र्याच्या सहीने वाढत नाहीत. झोप साडेसात तासांची धरली, म्हणजे साडेबावन्न. स्नान, भोजन, कपडे, घरातले किरकोळ हातभार यांस रोज तीन तास, म्हणजे एकवीस. नंतर कॉलेज. तिच्या बावीस श्रेयांकांपैकी चौदा लेखी व आठ प्रात्यक्षिकाचे धरले. सत्राचे पंधरा आठवडे मोजता लेखीचे आठवड्यास चौदा तास आणि प्रात्यक्षिकाचे सोळा, असे तीस झाले. नेरुळहून जुईनगर, सानपाडा ही दोनच स्थानके टाकून वाशी येते, गाडीत दहा-बारा मिनिटेच जातात. पण घरापासून स्थानकापर्यंत, गाडीची वाट, पलीकडचे चालणे हे सारे मिळून एका बाजूस पाऊण तास धरावा लागतो. सहा दिवसांचे नऊ तास. शिकवणी वर्ग आठवड्यातून पाच दिवस, चार-चार तास, म्हणजे वीस. आणि तेथून येण्याजाण्याचे पाच. वर्गाने दिलेला सराव रोज तीन तासांचा, म्हणजे पुन्हा एकवीस. राहिला कॉलेजचा घरचा अभ्यास. लेखी तासास घरी एक तास, याहून कमी आम्ही आयुष्यात कोणास सांगितला नाही, तो चौदा.

बेरीज तिनेच केली. साडेबहात्तरावर शंभर. म्हणजे 172 तास आणि वर अर्धा. आठवडा 168 चा. साडेचार तासांची तूट, आणि त्यात अजून ना गणपती, ना आजारपण, ना मैत्रिणीशी दोन शब्द, ना लोकल रखडली तर त्याची सोय.

कागद दिवाणखान्यात भिंतीला टाचला. थोरल्या चिरंजीवांनी तो बराच वेळ पाहिला आणि, सर्वत्र होते तसेच, पहिला हात झोपेवर टाकला. “सहा तास पुरे. आम्ही नाही झोपलो?” नंतर कॉलेजचा घरचा अभ्यास खोडावा असे सुचले. “कॉलेज काय, नावापुरते.” येथे मात्र आम्ही बोललो. विद्यापीठाचा नियम पाऊणशे टक्के उपस्थितीचा आहे. प्रात्यक्षिकास नावापुरते जाता येत नाही. आणि बहुतेक लेखी विषयांत शंभरांतले चाळीस गुण सत्र चालू असतानाच, चाचण्या व प्रकल्प यांतून द्यावयाचे असतात. पूर्वी सहामाही निवांत घालवून शेवटच्या महिन्यात दिवा जाळणारे उत्तीर्ण होत; आता ऑगस्टात हरलेले गुण ऑक्टोबरात परत मिळत नाहीत. तेव्हा नावापुरते कॉलेज म्हणजे नावापुरती पदवीही नव्हे.

त्यावर सूनबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या बँकेत नोकरी करतात, आणि हिशेबाच्या पक्क्या आहेत. “गेली दोन वर्षे ती साडेपाच तास झोपत होती,” त्या म्हणाल्या. “फेब्रुवारीत तिचे केस मूठ-मूठ गळत होते. मी कोणाला बोलले नाही, कारण परीक्षा जवळ होती. आता कागदावर साडेसात लिहिले आहेत, तेवढे कोणी खोडायचे नाहीत.” यावर कोणी काही बोलले नाही. आमच्या सौभाग्यवतीने उठून आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला, तेवढाच आवाज.

मग आम्ही नातीस विचारले. उत्तर न ठरविता विचारले, एवढे आम्ही खात्रीने सांगतो, कारण ती काय म्हणेल याची आम्हांस खरोखरच कल्पना नव्हती. ती म्हणाली, “आजोबा, डॉक्टर व्हायचेच नाही असे मी म्हणत नाही. पण सगळ्या वर्गाने फॉर्म भरला म्हणून मीही भरला. मला स्वतःला काय हवे ते ठरवायला दोन वर्षांत एक दुपारही मिळाली नाही.”

तिला वनस्पतिशास्त्र घ्यावयाचे होते. का, तर आमच्या घरापासून सायकलीवर जाता येईल इतक्या अंतरावर खाडी आहे. करावे, सारसोळे या जुन्या आगरी-कोळी गावांच्या पाठीशी तिवरांचे रान आहे. ओहोटीच्या वेळी चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळे हजारोंनी दिसतात. हिवाळ्यात आलेले रोहित पक्षी उन्हाळ्यापर्यंत तेथल्या पाणथळीत असतात. पलीकडे ठाणे खाडीचा भाग 2015 साली अभयारण्य झाला आणि 2022 साली रामसर यादीत गेला. ऐरोलीस शासनाचे सागरी जैवविविधता केंद्रही आहे. शाळेत असताना एका शिक्षकांनी या मुलांस ओहोटीच्या वेळी तेथे नेले होते, आणि खाऱ्या पाण्यात उभे राहून हे झाड मीठ बाहेर कसे टाकते, ते पानावर जीभ लावून दाखविले होते. ती चव ती विसरली नव्हती. विषय निवडण्याचे याहून सबळ कारण आम्हांस तरी ठाऊक नाही. ज्याची प्रयोगशाळा दारात आहे तो विषय घ्यावा, असे काही शास्त्र नाही. पण दारातली प्रयोगशाळा सोडून, ज्याचे कारण सांगता येत नाही तो विषय घ्यावा, असेही नाही.

थोरले चिरंजीव वाईट माणूस नाहीत. त्यांची भीती खरी आहे. वनस्पतिशास्त्राच्या पदवीने नोकरी कोणती लागते, हा त्यांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. ‘विद्येने सर्व होते’ असले बोलून बापाच्या काळजीवर पाणी ओतता येत नाही. आम्ही स्वतः विद्येवर चौतीस वर्षे काढली आहेत, आणि महिनाअखेर आम्हांस ठाऊक आहे. शेवटी ठरले ते असे. पहिले सत्र तिने केवळ कॉलेजास द्यावे. शिकवणीची फी भरू नये, ठेव मोडू नये. पुन्हा परीक्षा द्यावयाची की नाही, हे दिवाळीनंतर तिने सांगावे. द्यावयाची असेल तर त्या वेळी कॉलेज सोडून एक वर्ष पूर्णपणे त्यास द्यावे, पण दोन्ही एका आठवड्यात कोंबू नयेत. चिरंजीवांनी मान डोलावली. मन वळले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चार महिने ते तिच्याशी मोजके बोलत. ज्या घरात रात्री सारे एकत्र जेवतात, त्या घरात असे मौन फार जड होते, हे ज्यांचे घर एकत्र आहे त्यांस सांगावयास नको.

मग वेळापत्रक पुन्हा मांडले. शिकवणी वर्गाची सेहेचाळीस तासांची शिळा उचलल्यावर साडेएकेचाळीस तास मोकळे झाले, आणि ते मोकळे दिसताच घरातील प्रत्येकास त्यात काहीतरी भरावेसे वाटू लागले. काकूंस गाण्याचा वर्ग सुचला, काकांस संगणकाचा. हा मोह आवरणे अवघड असते. आपल्या जुन्या अध्ययनपरंपरेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. वेद शिकणाऱ्यासही पक्षातून इतके दिवस नवा पाठ नसे. पूर्वजांनी रिकामा वेळ हा अध्ययनाचाच भाग धरला होता. आम्ही रविवारची दुपार कागदावर कोरी ठेवविली आणि त्या चौकोनावर ‘अनध्याय’ असे लिहिले. नातवंडांस तो शब्द इतका आवडला, की आता घरात कोणास काम टाळावयाचे असले म्हणजे तो उच्चारला जातो.

तासांच्या जागा निवडतानाही पाहावयाचे असते. तिच्या कॉलेजात एक खुला विषय सकाळी सव्वासातला होता आणि दुसरा दुपारी साडेतीनला. मधला तास कधी आहे, कधी नाही. वरून आकर्षक दिसणारा तो दुपारचा विषय घेतला असता, आठवड्यातून दोन दिवस तिला अडीच-अडीच तास उपाहारगृहात बसावे लागते. असा मधला रिकामा वेळ ग्रंथालयात जाईल, असे प्रत्येक विद्यार्थी जुलैत म्हणतो. आम्ही तिला शपथ घातली नाही. सरळ दुसरा विषय पाहा म्हटले. खरे सांगावयाचे तर आमच्या मनात तिने भाषा म्हणून अथवा खुला विषय म्हणून संस्कृत घ्यावे असे फार होते, आणि तिच्या कॉलेजात ते मिळतही होते. तिने घेतले घरगुती अर्थव्यवहार! बचत, विमा, कर, कर्ज. “आजोबा, संस्कृत तुमच्याकडे फुकट मिळते,” म्हणाली. यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

पहिल्या वर्षाचा विषय निघाला, की लोकमान्यांचे उदाहरण हमखास निघते. आमच्या धाकट्या नातवाने ते आत्ताच पाठ करून ठेवले आहे. टिळक 1873 साली डेक्कन कॉलेजात गेले आणि पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यास दिले. त्या वर्षी परीक्षेत त्यांस यश आले नाही. हे खरे आहे. परंतु हे सांगणारी मुले पुढचे सांगत नाहीत, की ते वर्ष त्यांनी आळसात नव्हे तर तालमीत घालविले, आणि पुढे केरूनाना छत्र्यांसारख्या गुरूपाशी गणिताचा कसून अभ्यास केला. वर्ष कशास द्यावयाचे हे त्यांनी स्वतः ठरविले होते. आमचा धाकटा नातू तूर्त ते मोबाइलवरील खेळास देऊ इच्छितो.

सत्र नोव्हेंबरात संपले. मुख्य विषयात गुण चांगले पडले. अर्थव्यवहारात त्याहून चांगले. भारतीय ज्ञानप्रणालीत, आमच्या घरातील मुलगी असून, जेमतेम. या शेवटच्या गोष्टीवर सौभाग्यवती अजून आम्हांकडे पाहून हसते. प्रात्यक्षिकाच्या वहीत तिने तिवराच्या मुळाच्या आडव्या छेदाचे जे चित्र काढले आहे, ते आम्ही भिंग घेऊन पाहिले. हवेच्या पोकळ्या अशा रेखीव काढल्या आहेत, की जुन्या पोथीतील जाळीदार वेलबुट्टीची आठवण व्हावी.

दिवाळी होऊन गेल्यावर ठरल्याप्रमाणे तिला विचारावयाचे होते. थोरल्या चिरंजीवांनी एका रात्री जेवणानंतर विचारले, आवाज न चढविता. ती म्हणाली, “बाबा, यंदा नाही.” पुढे कधीच नाही, असे ती म्हणाली नाही, आणि चिरंजीवांनीही खोदून विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी तिला, ऐरोलीचे ते केंद्र रविवारी उघडे असते काय, असे विचारले.

दुसऱ्या सत्राचा अर्ज आता टेबलावर आहे. उपविषयाचा रकाना अजून रिकामा आहे. प्राणिशास्त्र, रसायन आणि संख्याशास्त्र अशी तीन नावे तिने पेन्सिलीने बाजूस लिहिली आहेत, आणि त्यांपैकी एक खोडलेले आहे. कोणते, ते आम्ही चष्मा लावून पाहिलेले नाही.